'म्हणे' राहून गेलं

प्रिय ताई,

आमची वसाहत एमआयडीसीच्या कुंपणाला लागून आहे. दीड महिन्यापूर्वी पहाटे पावणेतीनला तिथल्या एका केमिकल कंपनीत ब्लास्ट झाला. आमच्या खिडक्यांच्या काचा अंथरुणावर पडल्या. कंपनीतली पाच माणसं गेली. माझे मिस्टर जवळच्याच दुसऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन आहेत, त्या रात्री नाइटला होते. सकाळी घरी आले तेव्हा म्हणाले, "गेटवर बोलत होते, रिॲक्टरवरचा पोरगा मोबाईलवर होता म्हणे." मी ते आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. 'म्हणे' टाकायचं राहिलं.

संध्याकाळी तेच माझ्याकडे ऑडिओ होऊन परत आलं. कोणी अनोळखी माणूस सांगत होता की पोरगा गेम खेळत होता, प्यायलेला होता, आधीही दोनदा त्याला काढलं होतं.

तो मुलगा २४ वर्षांचा, ठेकेदाराकडचा. तोही त्यात गेला. वडील आधीच वारलेले. आई आमच्या मागच्या गल्लीत राहते, डबे करते. आम्ही तिला मावशी म्हणतो. आता तिचे निम्मे डबे बंद झालेत. गेलेल्या दुसऱ्या एका माणसाच्या तेराव्याला ती गेली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. परवा भाजीवाल्याकडे तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तुझे मिस्टर त्या लायनीतले आहेत. तू तरी खरं सांग, माझा बाळ मोबाईलवर होता का गं?" मी काहीच बोलले नाही.

मिस्टर म्हणतात गप्प बस, लोक विसरतील. माझं चुकलं का? किती? आणि उद्या चौकशीत तेच निघालं तर?

– एक वाचक, जि. रायगड

---

प्रिय मैत्रिणी,

तुमचं चुकलं. ते तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर "'म्हणे' टाकायचं राहिलं" हे वाक्य तुम्ही लिहिलंच नसतं. एवढासा शब्द, पण तो वाक्याच्या शेपटीला असला की ऐकणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्याने हे पाहिलेलं नाही, फक्त कानावर आलंय. तुमच्या मिस्टरांनी तो लावला होता. तुमच्या हातून तो गळला आणि ऐकीव गोष्टीची बातमी झाली. पुढची दारू, गेम, दोनदा काढलेलं असणं, हे तुम्ही घातलेलं नाही आणि त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका. पण त्या ऑडिओतल्या माणसाला उभं राहायला जी जागा मिळाली, ती तुमच्या वाक्याने दिली.

किती चुकलं, याकडे नंतर येते. आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली असावी. चौकशीत तो खरोखर मोबाईलवर होता असं निघालं तर?

तर तो मोबाईलवर होता, एवढंच निघेल. ब्लास्ट का झाला ते त्यातून निघणार नाही.

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे जरा शिकवल्यासारखं बोलते, चालवून घ्या. काही अभिक्रिया एकदा सुरू झाल्या की स्वतःच उष्णता सोडतात. उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की आणखी उष्णता सुटते. कुकर जास्त फुसफुसायला लागला तर आपण गॅस बंद करतो. इथे गॅस कुकरच्या आतच आहे, आणि तो बंद करायला बटण नाही. म्हणून रिॲक्टरच्या, म्हणजे ही अभिक्रिया ज्या बंद टाकीत घडवतात तिच्या, बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी किंवा ब्राइन (मिठाचं गार पाणी) सतत फिरवत ठेवावं लागतं. ते थांबलं तर काही मिनिटांत तापमान हाताबाहेर जाऊ शकतं.

आता हे ज्याला माहीत आहे, तो प्लँट उभारताना काय करतो? थंड पाण्याची दुसरी सोय ठेवतो. तापमान ठरलेल्या रेषेपलीकडे गेलं की माणसाने हात लावायच्या आधीच फीड, म्हणजे आत सोडला जाणारा माल, बंद करणारी यंत्रणा बसवतो. हूटर लावतो. आणि एवढं सगळं फसलं तर ठरावीक दाबाला फाटून आतल्या वायूला सुरक्षित वाट काढून देणारी रप्चर डिस्क बसवतो, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. हे सगळं असतं ते एवढ्यासाठीच की पहाटे पावणेतीनला माणसाचा डोळा लागतो, त्याला लघवीला जावं लागतं, आईचा फोन येतो. बारा तासांची ड्यूटी असेल तर जास्तच. एका चोवीस वर्षांच्या मुलाने मान खाली घातल्यावर पाच माणसं मरत असतील, तर ती मान खाली जाणार हे आधीच ठाऊक असायला हवं होतं, आणि ते ठाऊक असणं हे त्या मुलाचं काम नव्हतं.

२००७ सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कंपनीत असाच रिॲक्टर फुटला. चार माणसं गेली, बत्तीस जखमी झाली. तिथला ऑपरेटर पूर्ण जागा होता, पूर्ण सावध होता. थंड करायची यंत्रणा काम करत नाही हे त्याच्या लक्षात आलं, त्याने मालकांना कळवलं, मालक धावत आले. कळवल्यापासून दहा मिनिटांच्या आसपास सगळं उडालं. मेलेल्यांत मालकांपैकी एक जणही होता. तिथल्या सरकारी चौकशी मंडळाने शोधून काढलं ते असं की थंड पाण्याला दुसरी सोयच नव्हती, रप्चर डिस्क फार जास्त दाबाला फाटेल अशी बसवलेली होती, आणि ही अभिक्रिया अशी उधळू शकते हे प्लँट उभारणाऱ्यांनी नीट ओळखलंच नव्हतं. डोळ्यात तेल घालून बसलेल्या माणसाच्या हातातही अखेरीस काही उरलं नव्हतं. मावशींचा मुलगा मोबाईलवर नसता तर काय झालं असतं, हे तुम्हाला, मला किंवा त्या ऑडिओतल्या माणसाला कुठून कळणार?

मग वसाहत त्या मोबाईललाच का धरून बसली? मला याचं उत्तर दुष्टपणात दिसत नाही, भीतीत दिसतं. तुम्ही सगळे त्या कुंपणाला लागून राहता. चूक त्या पोराची असेल तर पोरगा गेला, चूकही गेली, आणि आज रात्री मुलांना खिडकीशेजारी झोपवता येतं. पण चूक प्लँटच्या बांधणीत असेल, पाइपलाइनमध्ये असेल, वर्षानुवर्षं न झालेल्या तपासणीत असेल, तर तीच चूक शेजारच्या कंपनीतही असू शकते. तुमचे मिस्टर जिथे जातात तिथेही. हा विचार घेऊन झोपणं कठीण आहे. त्यापेक्षा मोबाईल बरा.

माझी आजी उमरखाडीत राहायची. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, तेव्हा ती लग्न होऊन नुकतीच मुंबईत आली होती. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. त्या जहाजात जवळपास १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता आणि त्यावर कराचीला कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या होत्या. युद्धाचे दिवस. सरकारने बातमीच दाबली. जपानच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितलं, मुंबईच्या पेपरांना मात्र मे महिना उजाडेपर्यंत नीट लिहिता आलं नाही. बातमी नाही म्हटल्यावर लोकांनी ती स्वतः तयार केली. जपान्यांची विमानं आली, पाणबुडी आली, हेर होते, घातपात होता. आजी शेवटपर्यंत जपान्यांवर ठाम होती. "मी डोळ्यांनी पाहिलंय," म्हणायची. तिने काय पाहिलं होतं? काळा धूर आणि आकाशातून पडणारा जळता कापूस.

आणि त्याच चाळीत दुसरी कुजबूज होती. खालच्या मजल्यावरचा एक गोदी कामगार त्या दिवशी परतला नाही. त्याचं काहीच सापडलं नाही. तो विड्या ओढायचा, हे चाळीला माहीत होतं. तेवढ्यावरून कोणीतरी म्हणालं, ह्याच्याच विडीने पेटलं असेल. मुंबई बंदरात त्या दिवशी विडी ओढणारे हजारो होते, पण चाळीच्या ओळखीचा हाच एक होता. त्याची बायको दिवाळीच्या आत खोली सोडून गावी गेली. आजी हे सांगताना दर वेळी थोडी थांबायची. ती स्वतः त्या बाईशी बोलायची बंद झाली होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चौकशीने नंतर सांगितलं की जपानी वगैरे कोणी नव्हतं. आग बहुधा कापसात लागली आणि कोणाच्या तरी विडी-सिगारेटच्या थोटकाने लागली असावी. म्हणजे थोटूक खरं ठरलं म्हणायचं का? पण तेच थोटूक धक्क्यावरच्या फरसबंदीवर पडलं असतं तर विझलं असतं. ते पडलं कापसावर, आणि तो कापूस स्फोटकांच्या सोबतीला ठेवलेला. स्फोटकं भरलेलं हे जहाज भरवस्तीच्या गोदीत दोन दिवस धक्क्याला लागून होतं. आत काय आहे हे सांगणारं लाल निशाणही त्याच्यावर नव्हतं. अग्निशमन दलाचे ६६ जवान तिथे गेले. दर वर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण किती माणसं गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. एवढं सगळं एका थोटकाच्या अंगावर टाकायचं आणि कापूस स्फोटकांजवळ कोणी रचू दिला हे विचारायचंच नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात २१ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला एझेडएफ नावाच्या खत कारखान्यातलं अमोनियम नायट्रेटचं गोदाम उडालं. ३१ माणसं गेली, हजारो जखमी झाली, अर्ध्या शहराच्या काचा फुटल्या. तारीख बघा. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दहाच दिवस झाले होते. सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता. मृतांमध्ये ट्युनिशियन वंशाचा एक तरुण ठेकेदारी कामगार होता, काही दिवसांपूर्वीच कामावर लागलेला. त्याच्या मृतदेहावर एकावर एक घातलेले कपडे सापडले. झालं. आत्मघातकी हल्लेखोर असे कपडे घालतात, असं कोणीतरी म्हणालं आणि तो मेलेला मुलगा अतिरेकी ठरला. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही. पण त्याचं नाव वर्षानुवर्षं त्या स्फोटाला चिकटून राहिलं.

तिथे अधिकाऱ्यांनीही घाई केली. स्फोटानंतर तीनच दिवसांनी सरकारी वकिलांनी जाहीर केलं की हा ९९ टक्के अपघात आहे. ढिगारे अजून उपसायचे होते आणि यांची टक्केवारी तयार! लोक म्हणाले, एवढी घाई म्हणजे काहीतरी लपवताहेत. मग पर्यावरणमंत्र्यांनी उलट दिशेने घातपाताची शक्यता बोलून दाखवली. शिवाय शेकडो लोक शपथेवर सांगत होते की स्फोट दोन झाले, मधे काही सेकंदं गेली. दोन स्फोट म्हणजे कट, हे ओघानेच आलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांनी दोन आवाज खरोखर ऐकले होते. भूकंपतज्ज्ञांनी त्याचं कारण सांगितलं. धक्का जमिनीतून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने जातो आणि हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरने येतो. दूर उभ्या असलेल्या माणसाला तोच एक स्फोट आधी पायाखालून येतो आणि मग कानांत. तुम्हालाही त्या रात्री आधी घर हललं आणि मग आवाज आला असं वाटलं असेल, तर त्यामागे हे असू शकतं.

जाता जाता एक गोष्ट. बरोबर ८० वर्षांपूर्वी, २१ सप्टेंबर १९२१ला, जर्मनीतल्या ओप्पाऊ इथल्या खत कारखान्यात असाच नायट्रेटचा ढीग उडून पाचशेहून जास्त माणसं मेली होती. तीच तारीख, तसंच खत. कोणाला यात खूण शोधायची असेल तर केवढी मोठी! पण ओप्पाऊत घट्ट झालेला ढीग फोडायला डायनामाइट लावत होते, आणि त्याआधी तसं हजारो वेळा लावून काही झालं नव्हतं, म्हणून लावत होते. तारखेने काही केलेलं नव्हतं.

तुलूझचा निकाल शेवटी काय लागला? पोहण्याच्या तलावात टाकतात तसल्या क्लोरीनयुक्त रसायनाचा सांडलेला माल चुकून नायट्रेटच्या गोदामात नेऊन टाकला गेला, दोघांचा संबंध आला आणि स्फोट झाला. तो माल उचलून नेणाराही एक साधा कामगार होता. पण न्यायालयाने दोषी धरलं कंपनीला आणि कारखान्याच्या संचालकाला, कारण एकमेकांजवळ येता कामा नयेत अशा वस्तू एका आवारात कशा हाताळल्या जातात यावर लक्ष ठेवणं त्यांचं काम होतं. आधी सुटका, मग शिक्षा, मग ती रद्द, मग २०१७मध्ये पुन्हा शिक्षा आणि २०१९च्या डिसेंबरात सर्वोच्च पातळीवर शिक्कामोर्तब. अठरा वर्षं लागली. त्या ट्युनिशियन तरुणावर संशय घ्यायला दोन-चार दिवस पुरले होते.

आणि समजा आग मुद्दाम लावलेली असली तरी? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या वेस्ट नावाच्या गावात २०१३ साली खताचं गोदाम उडालं, १५ माणसं गेली, त्यात बहुतेक आग विझवायला धावलेली. तीन वर्षांनी एका तपास यंत्रणेने सांगितलं की आग कोणीतरी लावली होती. ते सगळ्यांना पटलं नाही आणि कोणावर सिद्धही झालं नाही. पण धरून चाला की लावली होती. नायट्रेट लाकडी इमारतीत, लाकडी कप्प्यांत भरून ठेवलेलं होतं, आग विझवणारे फवारे नव्हते, आणि जवळच शाळा आणि वृद्धांचं निवासस्थान होतं. काडी लावणारा सापडला असता तरी यातली एकही गोष्ट बदलली नसती. म्हणून मला 'कोणी पेटवलं' यापेक्षा 'ते तिथे तसं का ठेवलं होतं' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमच्या वसाहतीतही तोच विचारायला हवा.

आपल्या जवळचं बघा. डोंबिवलीत मे २०२४मध्ये स्फोट झाला तेव्हा पहिल्या काही तासांत टीव्हीपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'बॉयलर फुटला' हेच होतं. नंतर यंत्रणांनीच सांगितलं की फुटला तो रिॲक्टर. दोन्ही वेगळ्या वस्तू, तपासणी करणारी खातीही वेगळी. पहिल्या दिवशी जिथे कोणती वस्तू फुटली हेही धड कळत नाही, तिथे आत उभा असलेला मेलेला मुलगा त्या क्षणी काय करत होता हे गेटवरच्या माणसाला पहाटे पाचला कसं कळलं? तुमच्या मिस्टरांना एवढंच विचारा. ते ज्याने सांगितलं त्याचं नाव घेतील. त्याला विचारा, तो आणखी कोणाचं घेईल. तुम्ही कुठेही थांबलात तरी त्या रिॲक्टरजवळ उभा असलेला माणूस तुम्हाला भेटणार नाही, असं मला वाटतं, कारण जे उभे होते ते गेले.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं काम ग्रुपवर. आजच. लांबलचक लिहू नका, रडू नका, कोणाला नावं ठेवू नका. एवढंच लिहा: "अमुक तारखेला मी इथे लिहिलं होतं की मुलगा मोबाईलवर होता. ते मी पाहिलेलं नव्हतं, आमच्याकडे कोणीच पाहिलेलं नव्हतं. गेटवरची ऐकीव गोष्ट मी खात्रीची म्हणून टाकली. ते माझं चुकलं. मी ते मागे घेते. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी हेही तिथेच पाठवावं." जुना मेसेज नुसता डिलीट करून गप्प बसू नका. डिलीट केलेल्या जागी लोक वाटेल ते वाचतात. दोघी-तिघी तुम्हाला खासगीत म्हणतील, कशाला उकरून काढतेस. त्यांच्याशी वाद घालू नका. मेसेज तिथे राहू दे.

दुसरं मिस्टरांबद्दल. ते गप्प बस म्हणतात, ते समजू शकते. त्याच एमआयडीसीत त्यांची नोकरी आहे. त्यांनी गेटवर किंवा चहाच्या टपरीवर काही बोलू नये, हे मलाही मान्य. पण ते इलेक्ट्रिशियन आहेत आणि त्या रात्री ड्यूटीवर होते. त्यांच्या कंपनीत त्या वेळी वीज गेली होती का, व्होल्टेज पडलं होतं का, हे त्यांना ठाऊक असेल, लॉगबुकात नोंद असेल. गेली होती असं मी मुळीच म्हणत नाही. हे वाक्य ग्रुपवर टाकलंत तर ती नवी अफवा होईल! पण त्यांनी स्वतः पाहिलेलं, स्वतःच्या हाताने नोंदवलेलं काही असेल तर ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या चौकशी अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना जबाबात सांगावं. गेटवर ऐकलेल्यापेक्षा त्या एका नोंदीचं मोल जास्त आहे. रिॲक्टरचं तापमान कधी चढायला लागलं, थंड पाणी कधी थांबलं, हे चौकशीवाले बॅचशीटवरच्या नोंदींवरून, वाचलेल्या रेकॉर्डवरून आणि ढिगाऱ्यात सापडलेल्या व्हॉल्व्हच्या स्थितीवरून मांडत जातात. त्याला महिने लागतात. डोंबिवलीत २०१६ साली झालेल्या स्फोटाचा अहवाल लोकांसमोर यायला दोन वर्षं लागली, तीही माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर. तुमच्याही महिला मंडळाने तसा अर्ज करून ठेवावा. दहा रुपयांचा स्टँप लागतो.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात तातडीचं वाटतं. त्या अफवेने मावशींचे डबे गेलेच, पण तिच्यामुळे त्यांची भरपाईही जाऊ शकते. ठेकेदाराचा माणूस घरी येतो, खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, "मावशी, चूक तुमच्या मुलाचीच होती, कंपनी काही देणं लागत नाही, तरी माणुसकी म्हणून एवढे घ्या आणि इथे सही करा." वसाहत आधीच तेच बोलत असेल तर ती बाई सही करते. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा, कामावर मृत्यू झाला असेल तर कामगाराची चूक होती, त्याने सूचना मोडली, तो प्यायलेला होता, यातलं कोणतंही कारण सांगून भरपाई नाकारता येत नाही. १९२३च्या भरपाई कायद्यात आलेलं हे तत्त्व पुढेही चालत आलं आहे. त्या सबबी दुखापतीच्या प्रकरणांत चालतात, आणि माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल तर तिथेही चालत नाहीत. म्हणजे मुलगा मोबाईलवर होता असं उद्या सिद्ध झालं तरी मावशींचा हक्क जात नाही. मुलगा ठेकेदाराचा होता म्हणून मुख्य कंपनीही हात झटकू शकत नाही. तो ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नोंदलेला असेल तर विधवा आईला आश्रित म्हणून दरमहा रक्कम मिळू शकते. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबायचं कारण नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. तोवर त्यांनी कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. हे त्यांना आजच सांगा, बाकीचं बोलणं उद्यावर गेलं तरी चालेल.

राहिलं ते तुम्ही टाळताय ते. मावशींकडे जाणं.

जा. ग्रुपवर लिहून झाल्यावर त्याच दिवशी जा, त्यांना तिसऱ्याकडून कळायच्या आत. दुपारचे डबे गेल्यावर त्या जरा मोकळ्या असतील तेव्हा. एकट्या जा. मिस्टर यायला तयार असले तर फार बरं, पण त्यांची वाट बघत दिवस घालवू नका. त्यांनी तुमचा हात धरून प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आधी द्या: "मावशी, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. जे बोलतात त्यांनी पाहिलेलं नाही." मग सांगा की ते पहिल्यांदा लिहिणाऱ्या तुम्हीच होतात. 'गैरसमज झाला', 'सगळेच बोलत होते' असं काही त्याला जोडू नका. त्या रागावतील. कदाचित उठा म्हणतील. म्हणाल्या तर उठा, आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. क्षमा मागायला जाताना ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नये. त्यांच्याकडे ती आत्ता नसेल.

"तो मोबाईलवर नव्हताच" असंही सांगू नका. तो दिलासा खोटा ठरला तर त्यांना दुसऱ्यांदा मुलगा गमावल्यासारखं होईल, आणि तुम्हाला तेही ठाऊक नाही. मी वर जे रिॲक्टरचं सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. काही झालं तरी ते सगळं एका मुलाच्या डोळ्यांवर सोडून द्यायला नको होतं, एवढं त्यांना कळलं पाहिजे. कुकरचा दाखला त्यांना लगेच कळेल, त्या दिवसाला चार कुकर लावतात.

आणि मग कागदांचं बोला. मुलाचा गेटपास, पगाराची स्लिप किंवा बँकेत जमा झालेल्या पगाराचा पुरावा, ईएसआयसीचा नंबर, शवविच्छेदनाचा अहवाल, एफआयआरची प्रत, मृत्यूचा दाखला, त्यांचं स्वतःचं आधार. बहुतेक सगळं एका पिशवीत कोंबलेलं असेल आणि ती पिशवी त्यांनी उघडलेली नसेल. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स तुम्ही काढून आणा. कामगार कार्यालयात आणि विधी सेवेच्या ऑफिसात त्यांच्यासोबत जा, एकदा नाही, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा. माझं किती चुकलं, असं तुम्ही विचारलं होतं. मला मोजता येत नाही. पण हे हेलपाटे मोजता येतील.

आणि तुमच्या घरात कोणी डबा खाणारं असेल तर सोमवारपासून तो मावशींकडून घ्या. तेराव्याच्या दारातून ज्यांनी त्यांना परत पाठवलं, त्यांच्याही घरचा माणूस गेलाय. त्यांच्याकडेही एकदा जाऊन या आणि ग्रुपवर जे लिहिलं तेच त्यांना तोंडाने सांगा. त्यांनी दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून या, खाली तुमचं नाव लिहून.

तुमची,
ताई